रोगट पिलांचा बाजार उठवा!

अंगावरचे केस झडलेले, कोपरांवर खपल्या धरलेल्या, कानांतून कुबट वास येणारे आणि दाराची कडी वाजली तरी पलंगाखाली शिरून थरथरणारे एक कुत्रे आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या शहरात पशुवैद्याच्या दारात बसलेले आहे. त्याच्या जातीचे नाव परदेशी आहे, गळ्यातला पट्टा महागडा आहे आणि त्याच्यासाठी कुणीतरी हजारो रुपये रोख मोजले आहेत. वर्षाचेही न झालेले हे जनावर दिवसरात्र स्वतःचे पंजे चावते, कातडी सोलून रक्त काढते, आणि कुणी हात पुढे केला की जागीच लघवी करते. हे दुर्दैव नाही. हे त्याच्या नशिबीही लिहिलेले नव्हते. पैशासाठी, जाणूनबुजून, कायदा पायदळी तुडवून आणि सरकारच्या डोळ्यांदेखत त्याला असे जन्माला घातले गेले आहे. ज्यांनी घातले त्यांची नावे त्याच्या मालकाच्या फोनमध्ये आहेत, आणि आज संध्याकाळी त्याच माणसांनी नव्या वेताचे फोटो टाकलेले असतील.

हा धंदा कसा चालतो ते वाचकांनी नीट पाहावे. उपनगरातल्या दोन खोल्यांत, बंगल्याच्या गच्चीवर, शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच माद्या कोंडलेल्या असतात. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. पहिल्याच माजाला, ती स्वतः अजून पिलूच असताना, तिच्यावर नर सोडला जातो. नऊ आठवड्यांनी ती विते. पिले महिन्याची होतात न होतात तोच आईपासून तोडली जातात, कारण लहान पिलू गोजिरवाणे दिसते, लवकर खपते आणि त्याला खाऊ घालण्याचा खर्च वाचतो. आईच्या थानांची सूज उतरायच्या आत तिचा पुढचा माज हिशेबात धरलेला असतो. बाहेरून नर आणायचा तर त्याचे पैसे पडतात, म्हणून घरचाच नर. तो तिचा बाप असेल, भाऊ असेल, मागल्या वेतातला तिचा स्वतःचा मुलगा असेल. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संयोगातून झालेल्या पिलात जनुकांच्या सरासरी पाव जोड्या अशा असतात की त्यांतल्या दोन्ही प्रती एकाच मुळातून आलेल्या असतात. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिलेला दोष अशा पिलात दोन्ही बाजूंनी येऊन मिळतो आणि उघडा पडतो. हे शेळ्या राखणाऱ्या धनगरालाही ठाऊक आहे. तो दोन-तीन वर्षांनी बोकड बदलतो. या शहरी पैदासकारांना ते ठाऊक नाही असे कोणी आम्हाला सांगू नये. त्यांना ठाऊक आहे आणि पर्वा नाही.

मग या पिलांना बाजारात उभे केले जाते ते कोणत्या शब्दांत? ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘डबल कोट’, ‘शो क्वालिटी’, ‘रेअर कलर’. ‘ब्लू’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या राखाडी-निळसर पिलांचे उदाहरण घ्या. हा रंग ज्या जनुकामुळे येतो, त्याच जनुकामुळे अनेक जातींत केसांच्या मुळांत रंगद्रव्याच्या गाठी साचतात, केस तुटतात, पाठ उघडी पडते, कातडीला वारंवार फोड येतात. त्यावर औषध नाही, जन्मभर सांभाळणे तेवढे हाती राहते. कुत्र्याच्या याच रोगाची पैदासकार जास्त किंमत लावतो आणि गिऱ्हाईक ती मोजून घरी येते. ठिपक्याठिपक्यांच्या ‘मर्ल’ रंगाच्या दोन कुत्र्यांचा संयोग केला तर सरासरी चौथे पिलू दुहेरी मर्ल निपजते, आणि अशी पिले आंधळी किंवा बहिरी जन्मण्याचा धोका मोठा असतो. तरीही रंगाच्या हौसेपायी हे संयोग केले जातात. आणि त्यावर शिक्का म्हणून दाखवला जातो तो ‘पेपर’! केनेल क्लबचा कागद पिलाची वंशावळ सांगतो. त्याच्या आईला खरूज होती की नाही, बाप माणसांना पाहून दडी मारत होता की नाही, याबद्दल त्या कागदावर एक ओळ नसते. खरेदी करणारा मात्र तोच कागद आरोग्याचा दाखला समजून छातीशी धरतो.

कातडीचा रोग आणि भित्रा स्वभाव हे या बाजाराचे दोन मुख्य माल आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर सांगितलेच पाहिजे.

डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळांत असतात. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला बिलगून दूध पिताना ते पिलाच्या अंगावर येतात. धडधाकट पिलाची प्रतिकारशक्ती त्यांना मुठीत ठेवते. ज्या पिलात ही शक्तीच जन्मतः लुळी असते, त्याच्या डोळ्यांभोवतीचे, तोंडाभोवतीचे, पुढच्या पायांवरचे केस आधी जातात, मग लूत अंगभर पसरते, कातडी काळी-जाड होते, फोड फुटतात, पू वाहतो. ही दुर्बलता घराण्यातून येते. म्हणूनच लहान वयात अंगभर लूत झालेल्या कुत्र्याला, तो कितीही देखणा असला तरी, पैदाशीत घेऊ नये असे जगभरचे पशुवैद्य वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आमचे पैदासकार काय करतात? त्या मादीला इंजेक्शन टोचून, शाम्पूने धुऊन, केस उगवेपर्यंत झाकून ठेवतात आणि पुढच्या माजाला पुन्हा नर दाखवतात. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, शिह-त्झू या जातींत दिसणारी अ‍ॅटोपी, म्हणजे धूळ, परागकण, बुरशी यांची जन्मजात अ‍ॅलर्जी, हीसुद्धा रक्तातून उतरते. ती सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात डोके वर काढते. तोवर विक्रेता केव्हाच फोन उचलेनासा झालेला असतो. सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला हस्की नागपूरच्या मेमध्ये आणि रत्नागिरीच्या जुलैमध्ये ठेवला जातो. त्याच्या दुहेरी केसांखाली ओल कोंडते, कातडी नासते. शिवाय त्या जातीत जस्त पचविण्याच्या दोषाने होणारा त्वचारोग वेगळाच. पगच्या तोंडावरच्या वळ्यांत घाम नव्हे, पण ओल, लाळ, अश्रू साचून कुजतात, आणि त्या वळ्या माणसाने स्वतःच्या करमणुकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून खोल केल्या आहेत.

आता भीतीचे पाहा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मेन राज्यातल्या बार हार्बर येथे वर्षानुवर्षे पिले वाढवून जो अभ्यास केला, तो १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पिलू जगाशी ओळख करून घेते ते तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, हे त्यांनी साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले. या दिवसांत माणसांचे हात, घरातले आवाज, भावंडांची दंगामस्ती आणि आईची समज मिळाली नाही, तर पुढे त्या कुत्र्याला सगळे जग शत्रू वाटते. पत्र्याच्या शेडमधल्या पिंजऱ्यात, नंतर टोपलीत आणि त्यानंतर मोटारसायकलच्या डिकीत हे दिवस काढलेल्या पिलाकडून तुम्ही धीटपणाची अपेक्षा करता? अर्कान्सासमध्ये संशोधकांनी पॉइंटर जातीच्या कुत्र्यांचे एक भित्रे घराणे पैदाशीने टिकवून ठेवले होते. ही कुत्री माणूस दिसताच लाकडासारखी ताठ होत. भीतीही रक्तातून उतरते याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा? आणि जिला स्वतःलाच आयुष्यात पिंजऱ्यापलीकडचे काही दिसले नाही, ती आई पिलांना काय शिकवणार? यात आणखी एक क्रूर गाठ आहे. अखंड खाज सुटलेले कुत्रे झोपत नाही. न झोपलेले, दुखऱ्या कातडीचे कुत्रे स्पर्शाला घाबरते. घाबरलेले कुत्रे स्वतःला चाटत-चावत बसते आणि कातडी आणखी नासते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात हेच दिसले: जितकी खाज तीव्र, तितके वागणे बिघडलेले. म्हणजे ज्याला लोक ‘वेडे कुत्रे’ म्हणून हिडीसफिडीस करतात, ते अनेकदा फक्त यातनेत असलेले कुत्रे असते.

हे थांबवायला कायदा नाही काय? आहे! केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीचे नियम काढले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्यावाचून कुणालाही पैदास करता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिचा संयोग करता येत नाही, आठ वर्षांनंतरही नाही. बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचच. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही. मायक्रोचिप लावल्याशिवाय विकता येत नाही. सहा महिन्यांवरचे कुत्रे नोंदणीकृत पैदासकाराखेरीज इतर कुणाला विकायचे तर आधी त्याची नसबंदी झाली पाहिजे. प्रत्येक जनावराच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. इतका स्पष्ट कायदा! आणि आज तुम्ही फोन उघडा: पस्तीस दिवसांची पिले, नोंदणी क्रमांक नाही, चिप नाही, ‘डिलिव्हरी पुणे-नाशिक-कोल्हापूर’. गुन्हा करणारा स्वतःच्या फोन नंबरासह स्वतःच्या गुन्ह्याची जाहिरात करतो, आणि नियम लागू होऊन इतकी वर्षे झाली तरी शासनयंत्रणेला त्या नंबरावर एक फोन फिरवावासा वाटत नाही. आम्ही पशुसंवर्धन खात्याला सरळ विचारतो: तुमच्या जिल्ह्यात किती पैदासकारांची नोंदणी आहे आणि किती जण उघड्यावर विकत आहेत, हे तुम्ही शेवटचे कधी ताडून पाहिले? महापालिकांना विचारतो: कुत्र्याच्या परवान्याचे पैसे तुम्ही मालकाकडून घेता, तेव्हा ते पिलू कुठून आणले हा एक प्रश्न त्या अर्जात का नाही?

आणि पकडला गेलाच एखादा, तर शिक्षा काय? ज्या मूळ कायद्याखाली हे नियम आहेत, तो प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. पन्नास रुपये! एका पिलाच्या किमतीत असे शेकडो दंड भरून पैदासकार हसत घरी जाईल. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ज्या संसदेने १९६० साली हे आकडे लिहिले, तिच्या काळी पन्नास रुपयांना काही वजन होते. त्यानंतर बसलेल्या प्रत्येक संसदेला ते बदलण्याची संधी होती. २०२२ साली केंद्राने दंड वाढविण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला, सूचना मागवल्या. मुक्या जनावराच्या मताने कुठलीही जागा निवडून येत नाही, म्हणून हे काम असे रेंगाळत ठेवले जाते, हा आमचा स्पष्ट आरोप आहे.

पण सगळा दोष सरकारच्या आणि पैदासकारांच्या माथी मारून सुशिक्षित मध्यमवर्गाला आम्ही सोडणार नाही. विकत घेणारा आहे म्हणून हा बाजार आहे. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे तुरुतुरु चालणारा पग दिसला आणि देशभर पग हवा म्हणून रांगा लागल्या. मागणी पुरी करायला कुठल्या माद्यांना किती वेळा विणावे लागले, हे एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही. पुढे बर्फातल्या लांडग्यांच्या मालिका आल्या आणि हस्कीची हौस सुटली. शाळेचे प्रवेश घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारी माणसे कुत्रे घेताना आई कुठे आहे एवढेसुद्धा पाहत नाहीत. रेल्वे स्टेशनबाहेर, टोलनाक्याजवळ, हॉटेलच्या पार्किंगमध्ये एका टोपलीतून पिलू हातात घेतात आणि पैसे देतात. तुम्ही दिलेल्या त्या नोटांनी पिंजऱ्यातल्या मादीचे पुढचे बाळंतपण विकत घेतलेले असते. ‘आम्ही त्याला तिथून सोडवले’ असे सांगून मनाचे समाधान करून घेणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगतो: तुम्ही एक सोडवले आणि त्याच्या जागी सहा जन्माला घालण्याचे पैसे दिले.

तरीही ज्या घरात असे कुत्रे आलेले आहे, त्या घराशी आमचे भांडण तिथे संपते आणि दुसरे बोलणे सुरू होते. ते जनावर आता तुमचे आहे. त्याला बरे वाटले पाहिजे, आणि त्याला बरे वाटू शकते.

आधी हे घरगुती अत्याचार थांबवा. लूत भरलेल्या कुत्र्याला मोटारीचे जळके काळे ऑइल फासणे ही या राज्यातली जुनी रीत आहे. ते ऑइल विष आहे. कातडीतून आत जाते, चाटल्यावर पोटात जाते, भाजलेल्या जागा आणखी भाजवते. रॉकेल तसेच. माणसांच्या खाजेसाठी औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावले की दोन दिवस लाली उतरते आणि खाली लुतीचे किडे फोफावतात, कारण स्टेरॉइड उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दाबून टाकते. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन कुणाच्या तरी सांगण्यावरून टोचणे हा तर जुगार आहे. कॉली आणि तिच्या रक्ताच्या कुत्र्यांत एका जनुकदोषामुळे हे औषध मेंदूत शिरते आणि जीव घेते. तुमचे पिलू कुणाच्या रक्ताचे आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हते, ते तुम्हाला कुठून ठाऊक असणार?

पशुवैद्याकडे जा आणि पहिली मागणी करा ती कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. ही तपासणी काही मिनिटांची आणि थोड्या पैशांची आहे. न तपासता दर महिन्याला खाजेचे इंजेक्शन टोचणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. किडे डेमोडेक्सचे आहेत की सारकॉप्टिक खरजेचे, हे कळणे फार महत्त्वाचे, कारण दुसरी खरूज घरातल्या मुलांनाही लागते, पहिली लागत नाही. एके काळी लुतीसाठी उग्र औषधाच्या पाण्यात कुत्रे आठवड्यागणिक बुडवावे लागे. गेल्या दशकात चघळायच्या गोळ्या आल्या आहेत, त्यांनी अंगभर पसरलेली लूतही हटते. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या देताना मात्र डॉक्टरांना आधी सांगा. गोचीड आणि पिसवा यांचा बंदोबस्त बारमाही हवा, नुसता पावसाळ्यात नव्हे. जिवाणू आणि बुरशी वाढली असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या शाम्पूचा फेस पूर्ण दहा मिनिटे अंगावर राहू द्या. ओतला आणि धुतला, याचा उपयोग शून्य. पंजे, काखा, कानांच्या घड्या कोरड्या करा.

इतके करूनही खाज राहिली तर अन्नाची परीक्षा. किमान आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवलेले एकच अन्न, त्याखेरीज काही नाही. कुत्र्यांना जास्त करून वावडे असते ते गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू यांचे, आणि आपल्या घरांत त्यांना रोज मिळते ते दूध-पोळी, चहात बुडवलेले बिस्किट आणि रविवारच्या कोंबडीचे उरलेसुरले. आजोबांनी लाडाने टाकलेला पोळीचा एक तुकडा सगळ्या आठवड्यांची मेहनत वाया घालवतो. आजोबांना हात जोडून सांगा. जन्मजात अ‍ॅलर्जी असेल तर ती बरी होणार नाही, आटोक्यात राहील. हे सत्य मालकाने एकदा गिळले की डॉक्टर बदलत फिरणे थांबते आणि कुत्र्याला आराम पडू लागतो.

खाज उतरल्याशिवाय भीतीवर काम सुरू करू नका. आणि सुरू कराल तेव्हा शिक्षेला घराबाहेर ठेवा. आमच्या शहरांत ‘ट्रेनर’ म्हणवणारी एक जमात फिरते, जी काटेरी पट्टा आणि चोक चेन घेऊन येते, थरथरणाऱ्या जनावराला लटकवते आणि मालकाला सांगते, ‘त्याला कळू द्या बॉस कोण आहे’. हे अज्ञान आहे आणि ही मारहाण आहे. कळपात एक ‘अल्फा’ दांडगाईने राज्य करतो ही कल्पना ज्यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे घरोघरी पोचली, त्या डेव्हिड मीच (Mech) यांनी स्वतःच १९९९ साली जंगलातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडून ती खोडून काढली: लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरे. पंचवीस वर्षांनंतरही त्या मेलेल्या कल्पनेचा मार आमची कुत्री खात आहेत. असल्या माणसाला दारातून परत पाठवा.

भित्र्या कुत्र्याला घरात एक कोपरा द्या, जिथे त्याला कुणी हात लावणार नाही, पाहुण्यांची मुले नाहीत आणि तुम्हीही नाही. जेवणाच्या, फिरण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा. ज्या गोष्टीला ते घाबरते ती इतक्या दूर ठेवा की त्याला दिसेल पण त्याचा घास अडणार नाही, आणि तिथे त्याला आवडते ते, त्याच्या कातडीला चालणारे, थोडे थोडे भरवा; अंतर आठवड्यांनी कमी होऊ द्या. त्याच्यावर वाकू नका, डोक्यावरून हात आणू नका, बाजूला बसा आणि त्याला जवळ येऊ द्या. आले नाही तर नाही. लघवी सुटली तर ओरडू नका, ती माफी मागण्याची त्याची भाषा आहे. गुरगुरले तर त्याबद्दल मारू नका. गुरगुरणे बंद केलेले कुत्रे पुढच्या वेळी न सांगता चावते. दवाखान्यात अधूनमधून नुसते नेऊन, सुई न टोचता, खाऊ देऊन परत आणा. भीती इतकी असेल की कुत्रे खातही नाही आणि झोपतही नाही, तर पशुवैद्याने दिलेली भीतीवरची औषधे द्या; त्यात लाज कसली? आणि दिवाळीत तुमच्या सोसायटीत रात्री अकराला सुतळी बॉम्ब फुटतात, तेव्हा कमिटीसमोर उभे राहून भांडा. या सगळ्याला महिने लागतात, काहींना वर्षे. ज्यांना ती द्यायची नव्हती त्यांनी पिलू घ्यायचेच नव्हते.

आणि कंटाळून अशा कुत्र्याला रात्रीच्या वेळी हायवेवर, घाटात, दुसऱ्या गावच्या बाजारात सोडून येणाऱ्यांना काय म्हणावे? उपाशीतापाशी मरण्यासाठी जनावर टाकून देणे हा त्याच १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. केस नसलेले, माणसाला घाबरणारे, रस्त्यावरच्या कुत्र्यांशी वागायचे कसे ते न शिकलेले हे जनावर तिथे काही दिवसही जगत नाही. ज्याने ते केले त्याला आम्ही खुनी म्हणतो, आणि त्या शब्दाबद्दल कुणाचीही क्षमा मागणार नाही.

शेवटचा एक मूर्खपणा राहिला: ‘एकदा तरी तिला पिले होऊ द्यावीत’. पिले झाल्याने खरूज जात नाही, भीती जात नाही, मादीला कसलेही पुण्य लागत नाही. होते ते एवढेच की तिचे रोगट रक्त पुढच्या सहा घरांत पोचते आणि हौशी मालक आपल्या नकळत त्याच बाजाराचा पैदासकार होतो. अशा कुत्र्याची नसबंदी करा, डॉक्टर सांगतील त्या वयात, आणि हे दुखणे त्याच्यापाशीच संपवा.

वेल्समधल्या एका पैदास-केंद्रातून २०१३ साली ल्युसी नावाची एक छोटी स्पॅनियल सोडवली गेली. पिंजऱ्यात राहून राहून तिची कंबर जखडली होती, कणा वाकला होता, अंगावरचे केस ठिकठिकाणी गेले होते. ती २०१६ साली मेली. तिच्या नावाने चाललेल्या चळवळीमुळे इंग्लंडात ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतले पिलू दलालामार्फत विकणे बेकायदा झाले. विकायचे तर जिथे जन्मले तिथेच, आईसमोर. एका कुत्रीच्या अवस्थेची एका देशाच्या संसदेला लाज वाटली. आमच्या विधिमंडळाला अशा हजारो ल्युसींची लाज वाटायला आणखी काय दाखवायला हवे?

आमची मागणी थोडक्यात आणि स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या नोंदणीकृत पैदासकारांची यादी राज्य सरकारने सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. महापालिकांनी परवाना देताना पैदासकाराचा नोंदणी क्रमांक आणि पिलाची चिप मागावी. नोंदणीवाचून विकणाऱ्याच्या माद्या जप्त कराव्यात आणि त्यांच्या उपचाराचा खर्च त्याच्याकडून वसूल करावा. केंद्राने पन्नास रुपयांचा तो दंड बदलावा. यातले एकही काम अवघड नाही; इच्छा तेवढी नाही.

आणि वाचकहो, सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. पिलू घ्यायला जाल तेव्हा त्याची आई पाहा, नोंदणी प्रमाणपत्र पाहा, आठ आठवडे पूर्ण झालेत का ते पाहा. विक्रेता आई दाखवायला कां-कूं करू लागला, तर एक पैसाही न देता तिथून परत फिरा आणि त्याचा फोन नंबर पोलिसांत द्या.